समुद्रसपाटीवर आणलेले आकडे

२ जानेवारी १९७८, सोमवार. कर्जत

सकाळी आठला दाब १०१४. आकाश निरभ्र, वारा नाही.

गाडी आज तिसऱ्यांदा त्याच जागी मेली. खोपोली सोडून घाट चढायला लागलं आणि शिंगरोबाचं देऊळ मागे टाकलं की दोनेकशे पावलांवर चढाचं एक डावं वळण आहे. तिथे तिने दोन आचके दिले आणि गप्प झाली. मागच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "आजीबाय, बैल आणू का?" मी म्हटलं, "तूच ये, एक जागा रिकामी आहे." तो हसला आणि खरंच उतरून हात लावायला आला, त्यामुळे मला त्याच्यावर नीट रागावताही आलं नाही. गाडी मागे घसरवत देवळापर्यंत आणली, किल्ली फिरवली, तर काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली. घरापर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

ही गाडी माझ्या धाकट्या भावाने १९७१ साली जर्मनीहून परत येताना आणली. तो रसायनीच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. या गाडीला कार्बोरेटर नाही. हवेचा दाब मोजणारी एक पत्र्याची पेटी तिच्या इंजिनाच्या शेजारी बसवलेली आहे. दाबाप्रमाणे पेट्रोल किती लागेल तो निरोप ती चार तारांमधून सीटखालच्या दुसऱ्या पेटीला देते, आणि ती पेटी तेवढं पेट्रोल सोडते. भावाने हे मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. आम्ही फिरायला जायचो तेव्हा मी नेहमी पुढे त्याच्या शेजारी बसायची, कारण मागे बसलं की मला मळमळतं. इंदू मागे बसायची. तिला बाहेर बघायचं असलं तर खिडकी दोन्ही बाजूंना होती.

इंदू म्हणजे त्याची बायको. तो जाऊन साडेतीन वर्षं झाली. मी निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं आम्ही दोघी इथे कर्जतला राहत होतो. एकतीस तारखेच्या आत मला ही गाडी खंडाळ्याला न्यायची आहे आणि इंदूला घरी आणायचं आहे.

३ जानेवारी, मंगळवार

दाब १०१४. किंचित धुकं.

हे एकतीस तारखेचं प्रकरण मला परभारे कळलं, आणि तेही किती बावळट रीतीने. इंदू भाऊबिजेच्या दिवशी घर सोडून गेली. खंडाळ्याला एकट्या बायकांसाठी एक निवास आहे, तिथे राहते. नाताळानंतर तिचं एक कार्ड आलं. मला नव्हे, शेजारच्या धोंडूबाईला! धोंडूबाई दूध घालते, भाताची दोन खाचरं करते आणि तिला अक्षर वाचता येत नाही. दोन वर्षं शेजारी राहून इंदूच्या हे ध्यानात येऊ नये? साहजिकच धोंडूबाई कार्ड घेऊन माझ्याकडे आली आणि मला ते मोठ्याने वाचावं लागलं.

"इथे थंडी बरीच आहे. कायमची खोली हवी असेल त्यांनी ३१ जानेवारीच्या आत सही करायची आहे. माझं अजून ठरत नाही. एकदा सही केली की केली. वन्सं कशा आहेत? सकाळचा चहा घेतात ना वेळेवर?"

"वयनीला लिवा की, ये म्हनून," धोंडूबाई म्हणाली.

"कार्ड तुला आहे. तू काय लिहायचं ते सांग."

"मंग पॅसेंजरनं जा. घाट चडली की आलंच की खंडाळा."

मी पॅसेंजरने जाणार नाही. इंदू इथून गेली ती ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन, स्टेशनच्या रस्त्याने, सगळ्या आळीच्या देखत. तिला आणायचं ते तिच्या नवऱ्याच्या गाडीतून, पुढच्या फाटकाने. त्याशिवाय तिला आणण्यात अर्थ नाही. हे धोंडूबाईला सांगून कळणार नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

५ जानेवारी, गुरुवार

दाब १०१५.

खोपोलीहून पोशा मेकॅनिक आला. पन्नाशीचा असेल, घाटात मेलेले ट्रक उठवण्यात जन्म गेला. बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बाय, ही गाडी हाय का रेडिओ?"

"जर्मन गाडी आहे."

"ते दिसतंय. पन कार्बोरेटरच नाय, तर आमी हात कुठं घालायचा?" मग कुठे बंद पडते ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "शिंगरोबाला पैसा टाकलाव?"

"पेट्रोलला पैसे टाकते. तेवढं पुरे."

"मंग सोपा हाय. वर हवा पातळ व्हते. ही पेटी हवेवर चालते म्हंता ना? मंग तीच मेली."

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने मला हवेच्या दाबाविषयी सांगावं! मी त्याला सांगितलं की मी तेहेतीस वर्षं मुंबईला हवामान खात्यात काढली आहेत आणि अंदाजावर पेटी उघडू देणार नाही. आधी मोजणार, मग बोलणार. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये न मोजता उत्तर लिहिलं की मदर बोटांवर रूळ मारायच्या. तो म्हणाला, "मोजा. गाडी तुमची."

गाडी माझीच म्हणायची. कागदावर इंदूचं नाव आहे, कारण कायदा तसा आहे.

८ जानेवारी, रविवार

माझा तबकडीचा वायुभारमापक टॉवेलात गुंडाळून सोबत नेला. चार ठिकाणी थांबून नोंदी घेतल्या. सर्व्हेच्या नकाशावरून जागेची उंची पाहायची, कोष्टक तोंडपाठच आहे, आणि आकडा तिथल्या तिथे पक्का करून वहीत उतरवायचा.

अंगण १०१४.१. खोपोली १०१४.०. शिंगरोबा १०१३.७. वळण १०१३.६.

वळणावर गाडी नेमाने मेली. मी टॉवेल मांडीवर घेऊन बसले. ट्रक वाजवत जात होते. काही असो, किती दिवसांनी नीट काम केल्यासारखं वाटलं. आकडे एकमेकांशी जुळले की मनाला जे बरं वाटतं ते माणसांकडून मला फारसं मिळालेलं नाही.

१० जानेवारी, मंगळवार

दाब १०१३.

पोशासमोर वही ठेवली. "बघ. खाली जो दाब तोच वळणावर. अर्ध्या मिलिबारचा फरक, तो वाऱ्यानेही पडतो. दाब बदललाच नाही, तर दाब मोजणारी पेटी चुकेल कशी?"

त्याने वही डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. "पन बाय, आमची लॉरी वर गेली की गुदमरते ती?"

"तुमची लॉरी म्हातारी आहे."

"तुमी शिकलेली मानसं. आकडा तुमचा. मंग पेटी नाय," म्हणाला, आणि पेट्रोलचा पंप खोलायला बसला. मी जिंकले. जेवताना मात्र कळेना की हे सांगायचं कुणाला. इंदू असती तर तिला सांगितलं असतं. तिला कळलं नसतं, पण तिने "हो का?" म्हटलं असतं. ती "हो का?" फार चांगलं म्हणायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

१४ जानेवारी, शनिवार

दाब १०१५. संक्रांत.

धोंडूबाई तिळगूळ घेऊन आली. "घ्या बाय. आन आमी काय सांगायचा तुमाला, ते तुमाला ठावं हाय."

"सांग की, काय ते."

"नको. तिळगूळच खा," म्हणाली आणि पदरात तोंड घालून हसली.

मग ती वयनीला उत्तर लिहायचं म्हणून बसली. मी कार्ड घेतलं. ती सांगत गेली: गाईला कालवड झाली. नदीवरच्या पंपाचा पट्टा तुटला. धाकटी लेक बाळंतपणाला आली. मग म्हणाली, "लिवा, बाय रोज गाडी घेऊन घाटात जाते नि तशीच मागं येते. तुमाला आनायला."

"हे लिहायचं नाही."

"का?"

"कारण कार्डात जागा नाही."

"तर मंग ही कोरी बाजू कशाची?"

"ती पत्त्याची."

अर्ध्याहून जास्त जागा होती. पण माझी गाडी बंद पडते ही बातमी मी खंडाळ्याला कशी कळवू? चालू झाली की ती दारात उभी दिसेलच. मी लेकीच्या बाळंतपणावर कार्ड संपवलं, "धोंडूबाई" अशी सही केली आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

१९ जानेवारी, गुरुवार

पंप खोलून झाला, धुऊन झाला. गाळणी बदलली. टाकीत गंज आहे का तेही पाहिलं. काल पुन्हा वर गेलो. तेच वळण, तेच दोन आचके. पोशा दुसरी कामं सोडून येतो आणि तोंडाने काही म्हणत नाही, ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. घरात इतकी शांतता की नळ टपटपला तर कोण आहे म्हणून उठावंसं वाटतं. भाऊबिजेला काय झालं ते इथे लिहून ठेवते. वही माझी आहे, कुणी वाचणार नाही.

त्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. इंदूनेच बोलावलं होतं, मला न विचारता. भाऊबिजेच्या दिवशी! ओवाळायला भाऊ राहिला नाही आणि अंगणात एक परका माणूस त्याच्या गाडीच्या चाकावर लाथा मारून बघतोय. मी त्याला हाकललं. इंदू म्हणाली, "वन्सं, गाडी उभी राहून खराब होते आहे, आणि मला ती बघवत नाही." मी म्हटलं, "तुला बघवत नसेल. भाऊ माझा होता. तू फक्त त्याच्या घरात होतीस."

खरं तेच बोलले, असं मला त्या दिवशी वाटलं. मग तिने दुपारची भांडी घासली, माझा चहा झाकून ठेवला आणि चारच्या गाडीने गेली.

एकवीस वर्षं त्याचा संसार तिने केला. हेही खरंच आहे. दोन्ही खरं कसं असेल?

२२ जानेवारी, रविवार

हे लिहायला मला हात उचलवत नाही, पण लिहिते.

आज पोशा म्हणाला, मी बसतो बाजूला, तुमी चालवा. वायुभारमापक मी त्याच्या मांडीवर दिला आणि सांभाळ म्हणून दोनदा बजावलं. शिंगरोबापाशी थांबले. तो खाली उतरून देवाला पैसा टाकून आला. मी वही काढली, नकाशा काढला, उंची पाहिली, तबकडीकडे एक नजर टाकली आणि १०१३.८ लिहिलं.

पोशा म्हणाला, "बाय, रागावू नका. एक विचारू?"

"विचार."

"तुमच्या अंगणात ह्यो काटा हितं व्हता." त्याने काचेवर नख ठेवलं. "आता हितं हाय. दोन बोटं खाली आला. मी सगळ्या वाटंनं बघत आलोय, हळूहळू उतरत व्हता. तुमी दोनी जागी सारकाच कसा लिवता?"

मी तबकडी पाहिली. ९७९. अंगणात १००७ होता. वहीत दोन्हीकडे १०१४ च्या आसपास.

खात्यात माझं काम होतं, ठाण्याठाण्यांवरून तारेने आलेले आकडे समुद्रसपाटीवर आणायचे. महाबळेश्वर उंचावर, अलिबाग काठावर. दोघांचा दाब नकाशावर शेजारी मांडायचा तर दोन्ही ठिकाणं समुद्रकाठी आहेत असं धरायचं आणि उंचीचा फरक आकड्यातून काढून टाकायचा. रोज शंभर-दीडशे आकडे, तेहेतीस वर्षं. आता तबकडी पाहिली की हात आपोआप ती भर घालतो, मला विचारतही नाही. मी घाटातला प्रत्येक आकडा समुद्राला नेऊन बसवला आणि मग पोशाच्या तोंडावर फेकला, की बघ, सगळीकडे सारखंच आहे!

बारा दिवस. त्या माणसाचे बारा दिवस मी पंपात घालवले. त्याने पहिल्याच दिवशी पेटीवर बोट ठेवलं होतं.

तिथूनच गाडी घरी वळवली. फाटकाशी थांबून म्हटलं, "पोशा, चूक माझी झाली. आकडे मी चुकीचे धरले. तू म्हणत होतास ते मी ऐकायला हवं होतं."

तो इतका गांगरला की त्याने टोपी काढली. "असू द्या बाय. मानूस हाय." मग म्हणाला, "ही माझी बी शानपट्टीच व्हती. पेटीच असंल असं थोडंच हाय. उद्या मीटर आनतो."

एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाला असं म्हटलं असेन. काही कोसळलं नाही. फाटकही जागेवर होतं.

२४ जानेवारी, मंगळवार

दाब १००७. तबकडीवर दिसतो तो.

पोशाने खोपोलीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मीटर मागून आणला. गाडीचं पुस्तक जर्मनमध्ये आहे. शाळेत आम्हाला एक जर्मन सिस्टर होत्या, त्यांच्यामुळे मला आकडे आणि शंभरेक शब्द येतात. बाकी भावाने पेन्सिलने समासात लिहून ठेवलंय. त्याचं अक्षर पाहून मला पाच मिनिटं स्वयंपाकघरात जावं लागलं. 

पेटीच्या चार तारा म्हणजे दोन वेटोळी. एकाचा रोध नव्वद ओहम हवा, दुसऱ्याचा साडेतीनशे. मोजले, बरोबर. पेटीची रबरी नळी काढून, गाडी चालू ठेवून, मी तोंडाने हवा ओढली. इंजिनाचा आवाज लगेच पातळ झाला, म्हणजे आतली दाबाची डबीही जिवंत. भिंतीपलीकडून धोंडूबाई बघत होती. "बाय, हुक्का कधीपासून?" मी तोंडात नळी असताना तिला उत्तर देऊ शकले नाही, हे ती आयुष्यभर सांगत राहील.

म्हणजे पेटी निर्दोष. तरी गाडी मरते. पोशा बराच वेळ इंजिनाकडे बघत उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाय, आपन हवा, हवा करतो. पन वळनावर नुस्ती उंची नाय, चड बी हाय. लोड आला की इंजान एका अंगाला झुकतो. ह्याच्या खालचा रबर पार बसलाय." त्याने पेटीपासून सीटखालच्या पेटीपर्यंत जाणाऱ्या तारांचं सीटखालचं टोक सोडवलं आणि मला मीटर धरून तिथे बसवलं. स्वतः पहार घेतली, इंजिनाच्या खाली लाकूड घालून हळूच रेटलं. इंजिन दोन बोटं कललं.

मीटरचा काटा धाडकन खाली पडला. तार तुटलेली! सोडलं, काटा परत नव्वदवर. रेटलं, पडला. दहा वेळा केलं. मी ओरडून सांगत होते, "गेला! आला! गेला!" आणि पोशा हसत होता.

तार वरून अख्खी होती. आतलं तांबं तुटलेलं आणि टोकं एकमेकांना टेकलेली. ओढ बसली की सुटायची, ढील मिळाली की पुन्हा टेकायची. ओढ का बसत होती? तर तारांचा जुडगा इंजिनाच्या कडेला सुतळीने आवळून बांधलेला होता.

"ह्यो कुन्या शान्याचा काम हाय?" पोशा म्हणाला. "वायरीला हलायला जागाच ठेवली नाय."

ते काम माझं. भाऊ गेल्यावर एका ड्रायव्हरकडून मीच बांधून घेतलं होतं. लोंबणारी वस्तू मला बघवत नाही. मी हे पोशाला सांगितलं. परवासारखं जड गेलं नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

दाब १००६.

तार जोडली, डाख दिला, जुडगा सैल सोडला. खालचं रबर पोशाने ट्रकच्या जुन्या पट्ट्यातून कापून बसवलं. दुपारी दोघे निघालो. शिंगरोबा गेला, वळण आलं.  गाडी वळली आणि चढत राहिली, जणू तिथे कधी काही नव्हतंच. वर खंडाळ्याच्या पहिल्या बंगल्यांपर्यंत गेलो. निवासाची पाटी दिसली, बाण डावीकडे.

मी गाडी वळवली आणि खाली आणली.

पोशा म्हणाला, "हितवर आलो व्हतो, बाय."

"ऊन फार आहे. आणि माझं पातळ ग्रीसने बरबटलंय."



२८ जानेवारी, शनिवार

काल निघणार होते, पण हवा भरायची होती. आज निघणार होते, पण गाडी धुवायची राहिली होती. धुतली. इंदूची खोली झाडली. तिच्या खोलीला कडी नाही, असं आज प्रथम पाहिलं. मी कधीही आत जायची, त्यामुळे लागली नसेल.

गाडी मुद्दाम दोनदा सुरू करून पाहिली. दोन्ही वेळा लगेच लागली.

३० जानेवारी, सोमवार

सकाळी निघाले, एकटीच. दहाला निवासात पोचले. घाटात काही झालं नाही, म्हणून लिहायला काही नाही.

इंदू व्हरांड्यात पाचसहा बायकांत बसली होती. कसल्याशा गोष्टीवर सगळ्या हसत होत्या आणि इंदूही, तोंडावर हात न ठेवता. तिचे दात किती छान आहेत! मला पाहून ती उठली.

"वन्सं! एकट्या आलात?"

घाटभर मी काही वाक्यं घोकली होती. त्याऐवजी तोंडातून आलं, "सामान बांध. बाहेर गाडी उभी आहे."

"आधी आत या. चहा घ्या."

लहानशी खोली आहे. पलंग, टेबल, एक खुर्ची. खुर्ची तिने मला दिली आणि स्वतः पलंगावर बसली. म्हणाली, "मी वीस तारखेला सही केली."

"एकतीस म्हणाली होतीस!"

"कुणाला म्हणाले?"

"धोंडूबाईच्या कार्डात."

"म्हणजे वाचलंत तुम्ही."

"वाचावंच लागलं. तिला अक्षर कळत नाही, हे तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे, वन्सं."

ती इतकंच म्हणाली. मला कळायला वेळ लागला. मोजायचं काही नव्हतं समोर, म्हणून लागला असेल.

"उत्तर तुमच्या अक्षरात आलं," ती म्हणाली. "गाईला कालवड झाली. मी कार्ड दोनदा उलटून पाहिलं. कुठे कोपऱ्यात काही असेल म्हणून."

मी म्हटलं, "गाडी बंद पडत होती. मी रोज निघत होते. घाटात तार तुटली होती." मला ते सगळं सांगायचं होतं, दाब, काटा, पहार. ती म्हणाली, "हो का?" पण पूर्वीसारखं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मग मी घोकलेलं म्हटलं. "भाऊबिजेला मी बोलले ते चूक होतं. वाईट होतं."

"त्या एका वाक्यासाठी मी गेले नाही, वन्सं. तुम्ही रागात होतात, ते मला कळत होतं. तुम्ही राग नसतानाही तसंच धरून चालत होतात, म्हणून गेले." तिचा आवाज चढला नव्हता. तिने माझ्या बशीत बिस्किट ठेवलं. "इथे माझी खोली आहे. दाराला आतून कडी आहे. रोज लावते असं नाही. पण आहे."

मी पर्समधून गाडीचे कागद आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली. "गाडी तुझी आहे. विक, ठेव, काय हवं ते कर."

तिने कागद घेतले, नीट पाहिले आणि पेटीत ठेवले. किल्ली माझ्याकडे सरकवली. "आज घरी कशा जाल?" म्हणाली आणि हसली. मग मलाही हसू आलं, पण ते नीट झालं नाही. तिने उठून मला पाणी दिलं आणि व्हरांड्यातल्या बायकांना बाहेरच थोपवलं.

खाली येताना शेजारची जागा रिकामी होती. गाडी सुंदर चालली.

फाटकाशी धोंडूबाई पाटी डोक्यावर घेऊन उभीच होती. गाडीत वाकून पाहिलं. "वयनी?"

"वर कामं आहेत तिची. उन्हाळ्यात येते म्हणालीय."

हे खोटं आहे. ती असं म्हणाली नाही. धोंडूबाईला कळलं असावं, कारण ती "बरं बरं" म्हणाली आणि न मागता अर्धा शेर दूध ठेवून गेली.

३१ जानेवारी, मंगळवार

दाब १००७. पश्चिमेला थोडे विरळ ढग.

सकाळी पोस्टातून कार्ड आणलं. "प्रिय इंदू" लिहिलं आणि तासभर तसंच बसले. आकडे सोडून मी कुणाला काही लिहिलंय कधी? दुपारी शेवटी एकच ओळ लिहिली आणि लगेच टाकून आले, नाहीतर फाडलं असतं. तुझ्या खिडकीतून काय दिसतं, एवढंच विचारलं. पाऊण तास मी तिच्याकडे तोंड करून बसले होते, खिडकी तिच्या मागेच होती, आणि मी बाहेर पाहिलंच नाही.